घरी जुळवलेल्या एअर रायफलचे दोन-दोन ग्रुप पडताहेत

साडेचार_मिमी

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढतोय.

रायफल ४.५ मिमीची, १० मीटरची मॅच रायफल. सिलिंडरच्या हवेवर चालणारी, हवेचा दाब कायम ठेवणाऱ्या रेग्युलेटरवाली. ॲक्शन (हवा सोडणारा, ट्रिगरचा मधला भाग) आणि बॅरल सेकंडहँड, पण एकमेकांचेच. मूळचा लाकडी स्टॉक (दस्ता) पकडीपाशी तडकला होता, म्हणून त्याच मॉडेलला बसणारा ॲल्युमिनियमचा स्टॉक घेतला. मान ताठ राहावी म्हणून दोन्ही साइटखाली रेझर ब्लॉक, म्हणजे साइट उंच करणारे ठोकळे, टाकले. मागची, भोकातून बघायची पीप साइट वेगळ्या कंपनीची, पुढची नळकांड्यासारखी टनेल साइट जुनीच. जुळवाजुळव घरच्या टेबलावर, फायरिंग रेंजवर.

जुन्या स्टॉकवर ही रायफल टेकवून मारली की पाच शॉटचं एकच भोक पडायचं, पेलेटपेक्षा (छर्ऱ्यापेक्षा) जेमतेम मोठं. आता तीन एका भोकात जातात आणि दोन थेट उजवीकडे, घड्याळातल्या तीनच्या दिशेला. दोन्ही पुंजक्यांच्या, म्हणजे ग्रुपच्या, मध्यांत ५ मिमी अंतर, म्हणजे टार्गेटवरच्या सरळ दोन रिंगा. पुढच्या कार्डावर कधी चार-एक, कधी पुन्हा तीन-दोन. मधे काही नाही. एकतर इथे, नाहीतर तिथे.

बॅरल फेल्टने साफ केली, पेलेट बदलून पाहिले, स्टॉकचे स्क्रू आवळले, ट्रिगर हलका केला. फरक शून्य. कुठून शोधायला सुरुवात करू?

पेलेटपुराण

पेलेट बदला. ४.४९, ४.५० आणि ४.५१ असे तिन्ही हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिमीत) मारून बघा. नव्वद टक्के वेळा तेच निघतं.

खवट_कोच

वरचे नव्वद टक्के कुठून आले ते विचारत नाही. पण बुवा, चुकीच्या पेलेटने ग्रुप फुगतो, त्याची दोन शकलं होत नाहीत. पेलेट नीट बसत नसेल तर शॉट चहूकडे विखुरतील. "एकतर इथे, नाहीतर तिथे" असं दिसतं तेव्हा काहीतरी दोन जागांवर बसतंय. ते काय, एवढंच शोधायचं.

धागाकर्ते, तीन प्रश्न.

१. टेकवून म्हणजे कशावर? वाळूच्या पिशवीवर की क्लॅम्पमध्ये?
२. दुसऱ्या कुणी मारून पाहिलं का?
३. ग्रुप कसा मोजता? बाहेरच्या कडा मोजत असाल तर त्यातून ४.५ मिमी वजा करा, मग मध्य ते मध्य अंतर येतं. अर्धे लोक बाहेरच्या कडा सांगतात, अर्धे मध्य सांगतात आणि मग दोन पानं वाद चालतो.

आणि यापुढे एका वेळी एकच बदल. पेलेट, साफसफाई, स्क्रू, ट्रिगर सगळं एका दमात केल्यावर उद्या ग्रुप जुळला तरी कशाने जुळला ते कळणार नाही. आधी ट्रिगर होता तसा करा. त्याचा इथे काही संबंध नाही.

साडेचार_मिमी

कोच, ५ मिमी हे मध्य ते मध्यच आहे. रायफल वाळूच्या पिशवीवर होती, मी बसून मारत होतो. रेंजवरच्या एका सीनियर ताईंनाही मारायला दिली. त्यांचेही दोन पुंजके, त्याच दिशेला, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. म्हणजे निदान माझ्या श्वासावर खापर फोडता येणार नाही. ट्रिगर पूर्ववत केला.

टॉर्क_रेंच

स्टॉक बदलल्यावर सुरू झालंय ना? मग बेडिंग बघा, म्हणजे ॲक्शन स्टॉकमध्ये कशी बसलीय ते. ॲल्युमिनियमचा स्टॉक दिसायला देखणा असतो, पण ॲक्शन जिथे टेकते ती जागा सपाट नसेल तर एक स्क्रू आवळताना ॲक्शन वाकते. लाकूड थोडं दबून सावरून घेतं, धातू नाही घेत.

तपासायची रीत अशी. सिलिंडर उतरवा, बॅरलमध्ये पेलेट नाही याची खात्री करा, ट्रिगर दाबून ॲक्शन मोकळी करा. मग रायफल उभी धरून स्टॉक आणि ॲक्शनच्या सांध्यावर बोटाचं टोक ठेवा, निम्मं बोट स्टॉकवर, निम्मं ॲक्शनवर. दुसऱ्या हाताने मागचा स्क्रू सावकाश सैल करा. ॲक्शन उचलली गेल्यासारखी बोटाला लागली तर तिथे ताण आहे. मागचा आवळून पुढच्या स्क्रूलाही तसंच. बोट फार हुशार असतं, केसाएवढी हालचालही कळते.

कळली नाही तर ॲक्शनच्या बुडाला काळा मार्कर फासा, ओला असतानाच स्टॉकवर बसवून आवळा, उघडून बघा. जिथे शाई उमटली तिथेच ती टेकते आहे.

बॅरलखालून कागदाची पट्टीही सरकवून बघा. ॲक्शनपासून पुढपर्यंत कुठे अडकायला नको. बॅरल स्टॉकला किंवा सिलिंडरला घासत असेल तर हातातल्या दाबाप्रमाणे शॉट फिरतात.

स्क्रू किती आवळायचे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, तेवढेच. "हाताला लागेल तेवढं घट्ट" हे माप नव्हे.

गणितबाई

टॉर्क_रेंच, चाचणी उत्तम आहे, पण एक शंका. पीप साइट ॲक्शनवर आणि टनेल बॅरलवर. ॲक्शन स्टॉकमध्ये हलली तर साइट आणि बॅरल सगळंच तिच्याबरोबर हलणार. नेमबाज पुन्हा टनेलमधली रिंग टार्गेटच्या काळ्या गोलाभोवती बसवणार आणि शॉट आपल्या जागी जाणार. ताणाने ॲक्शन वाकली तर थोडा फरक पडेल, मान्य. पण तीच वाकलेली ॲक्शन एका शॉटला इकडे आणि पुढच्या शॉटला तिकडे वाकेल का? ५ मिमी फार आहेत हो.

आता जे होऊच शकत नाही ते आकड्यांनी बाजूला काढू.

मॅच रायफलचा पेलेट साधारण १७० ते १७५ मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो. १० मीटर जायला ०.०५८ सेकंद धरा. तेवढ्यात गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग ५ मीटर प्रति सेकंदाने घटला तर हे पडणं जवळजवळ १ मिमीने वाढतं. म्हणजे हवेच्या दाबात गडबड असेल तर शॉट वर-खाली होतील, बाजूला जाणार नाहीत. तुमचे पुंजके आडवे आहेत, तेव्हा रेग्युलेटर सध्या निर्दोष सुटला.

रायफल तिरपी होत असेल तर? साइटच्या रेषेभोवती रायफल कलली की शॉट त्याच बाजूला जातो, १७ मिमी गुणिले त्या कोनाचा साइन इतका. ५ अंशांना दीड मिमी. ५ मिमीसाठी सुमारे १७ अंश तिरपी धरावी लागेल. तेवढी तिरपी रायफल शेजारच्या लेनवाल्यालाही दिसली असती. तेही बाद.

राहिली साइट. दोन साइटमध्ये ७० सेंटिमीटर अंतर धरा. १० मीटरवर ५ मिमी सरकायला मागची साइट फक्त ०.३५ मिमी सरकायला हवी. एवढी हालचाल डोळ्याला दिसणार नाही आणि हाताला लागली तर नशीब.

निवांत_नेम

गणितबाईंना +१. माझ्या क्लबात एकाची टनेल अशीच पुढे-मागे व्हायची. स्क्रू घट्ट, पण बॅरलवरची स्लीव्हच सैल. स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून नेलपेंटची एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटली की काहीतरी फिरलं.

टॉर्क_रेंच

गणितबाई, "वाकलेली ॲक्शन इकडे-तिकडे" हा मुद्दा मान्य. तरी बेडिंग बघायलाच हवं. स्टॉक नवा आहे.

खवट_कोच

दोघांचं भांडण एका चाचणीत मिटतं. साइटकडे बघूच नका.

रेंजवर घट्ट बसवलेला व्हाइस (शिकंजा) असेल तर जबड्यांना रबर लावून रायफल ॲक्शनपाशी पकडा. बॅरल पकडायची नाही आणि सिलिंडर तर अजिबात नाही. कार्ड लावा, नेम न धरता पाच मारा, लोड करताना रायफलला धक्का लागू देऊ नका. एकच भोक पडलं तर बॅरल, पेलेट, हवा सगळं निर्दोष. मग दोष साइटचा नाहीतर माणसाचा, आणि माणूस म्हणाल तर तुम्ही आणि ताई, दोघांनी शॉट मारून पुंजके तेच पडले. व्हाइसमध्येही दोन पुंजके पडले तर बॅरलकडे वळायचं. ती ॲक्शनमध्ये पक्की आहे का, तोंडाची कड शाबूत आहे का, ते बघायचं.

साडेचार_मिमी

व्हाइसची चाचणी झाली. एकच भोक! मध्य ते मध्य दीड मिमीच्या आत. फक्त प्रत्येक कार्डावरचा पहिला शॉट किंचित वर असतो, बाकीचे चार एकमेकांत. त्याचं नंतर बघू.

टॉर्क_रेंच, बोटाची चाचणीही केली. मागचा स्क्रू सैल करताना ॲक्शन स्पष्ट उचलली गेली. उघडून पाहिलं तर मागच्या स्क्रूच्या भोकाभोवती पावडर कोटिंगचा जाड काठ आहे, नखाला लागतो. त्याच्या एका बाजूला रंग घासून धातू चकाकतोय. मार्करची शाईही बरोब्बर तिथेच उमटली, बाकी जागा कोरी. म्हणजे ॲक्शन तेवढ्या चंद्रकोरीवर उभी होती.

तो काठ बारीक कानशीने उतरवला. आता शाई चांगली पसरून उमटते आणि बोटाला काही लागत नाही. मग पिशवीवर ठेवून साइटने मारली. दोन पुंजके जागच्या जागी. अंतर तेच.

टॉर्क_रेंच

हरलो. पण काठ काढलात ते बरंच झालं, तो कधीतरी नडला असता.

गणितबाई

म्हणजे साइटच. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये रेझर ब्लॉकचा उल्लेख केलाय आणि आम्ही सगळे त्यावरून उडी मारून पुढे गेलो.

हिशेब असा बघा. रेझर धरून पीपचं भोक ॲक्शनवरच्या रुळापासून (साइट ज्यावर बसते त्या पट्टीपासून) किती उंच आहे? समजा ४० मिमी. ४० मिमी उंचीवर ०.३५ मिमी बाजूला जायला ब्लॉक फक्त अर्धा अंश कलायला हवा. रूळ ११ मिमी रुंद, म्हणजे एका कडेखाली ०.१ मिमीची फट झाली की काम झालं. साधा लिहायचा कागद साधारण तेवढाच जाड असतो. रेझर घातल्याने साइट उंच गेली आणि खालची तेवढीच ढिलाई वर वाढून दिसायला लागली.

आता हे करा. रेझर रुळावर नेहमीसारखा आवळा. कागदाची पट्टी दोन्ही कडांखाली घालून बघा. फीलर गेज असेल तर उत्तम.

निवांत_नेम

एक भर. ११ मिमीचे सगळे रूळ सारखे नसतात. रुंदी तीच असली तरी बाजूच्या खाचेचा कोन आणि खोली कंपनीगणिक बदलते. क्लॅम्पचा जबडा खाचेत नीट न बसता फक्त कडेवर टेकला की तो चौथा पाय आखूड असलेल्या टेबलासारखा डुगडुगतो. स्क्रू कितीही पिळा, दोन जागा राहतातच.

साडेचार_मिमी

बाई, पायाचे ठसे द्या, पाया पडतो.

पीपचं भोक रुळापासून ४२ मिमी. रेझर आवळल्यावर डाव्या कडेखाली कागद जात नाही, उजव्या कडेखाली निम्म्यापर्यंत सरळ आत जातो. रेझर उतरवून टॉर्च मारला तर जबड्याच्या आतल्या तिरप्या भागावर कुठेच घासल्याची खूण नाही, फक्त खालच्या धारेवर केसासारखी एक चकाकती रेघ. म्हणजे तो खाचेत बसलेलाच नव्हता, धारेवर लटकत होता. पीप धरून बाजूला दाबली की "टक" असा आवाज येऊन पलीकडे जाते, परत दाबली की अलीकडे. पुढचा रेझर मात्र ठीक आहे. लोड करताना हात पीपला लागतो, तेव्हाच बहुतेक जागा बदलत असावी.

दोन्ही रेझर काढून साइट थेट रुळावर लावली. पिशवीवरून पाच शॉट, एक भोक.

खवट_कोच

निकाल लागला. आता त्या रेझरचा जबडा घासून जुळवायच्या फंदात पडू नका. रूळ ज्या कंपनीचा, रेझरही तिचाच घ्या आणि दोन्ही साइटचे सारख्याच उंचीचे घ्या. आवळताना एका बोटाने ब्लॉक खाली दाबून धरा, स्क्रू आलटून पालटून थोडे-थोडे आवळा.

पेलेटपुराण

मी अजूनही म्हणतो, पेलेटची बॅच तपासून घ्या. 😊

खवट_कोच

आता म्हणा. आता खरंच त्याची वेळ आली. व्हाइसमध्ये, एकाच दिवशी, प्रत्येक बॅचचे निदान दहा-दहा शॉट, दर बॅचला कोरं कार्ड. पाच शॉटचा एखादा सुंदर ग्रुप योगायोगानेही पडतो. आणि डबी हलवून पेलेटचे स्कर्ट (मागची पातळ कड) चेपवू नका. वाकडा स्कर्ट दिसला की बाजूला काढा.

साडेचार_मिमी

तो पहिला वर जाणारा शॉट राहिलाच. थोडा वेळ रायफल पडून राहिली की पुढचा पहिला शॉट वर, दीडएक मिमी. लागोपाठ मारले की सगळे खाली एकत्र. साइटशी संबंध नाही, कारण व्हाइसमध्येही तेच होतं.

गणितबाई

या वेळी दिशा उभी आहे, म्हणजे वेग. दीड मिमी म्हणजे पहिला शॉट ७-८ मीटर प्रति सेकंदाने जोरात. क्रोनो (वेग मोजायचं यंत्र) मिळाला तर एक शॉट मारा, अर्धा तास थांबा, मग लागोपाठ पाच मारून वेग लिहा.

साडेचार_मिमी

रेंजवर क्रोनो होता. थांबल्यानंतरचा पहिला १७९, मग १७२, १७१, १७२, १७१.

निवांत_नेम

रेग्युलेटर गळतोय. त्याच्या आतली सीट झिजली किंवा तिच्यावर कचरा बसला की शॉटनंतर दाब ठरलेल्या जागी थांबत नाही, हळूहळू चढत राहतो. रायफल पडून राहिली की पुढच्या शॉटला जास्त हवा मिळते. तूर्तास सिरीज सुरू करायच्या आधी एक कोरा शॉट हवेत सोडायचा, म्हणजे पेलेट न घालता, नळी टार्गेटकडे ठेवूनच.

ब्रीचचं (पेलेट घालतो त्या तोंडाचं) सीलही बघून ठेवा. टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या सांध्यावर धरून शॉट सोडला आणि पट्टी फडफडली तर ओ-रिंग गेली. ती स्वस्तात सुटते.

खवट_कोच

ओ-रिंग बदला हवी तर. पण रेग्युलेटर घरच्या टेबलावर उघडायचा नाही. सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो आणि सिलिंडर काढला तरी ॲक्शनमध्ये हवा अडकून राहू शकते. आतमध्ये कुठलंही साधं तेल टाकू नका, दाबाखालच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. आर्मररकडे (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. देताना सिलिंडरवरची तारीख बघा. बऱ्याच उत्पादकांनी सिलिंडरला १० वर्षांची मुदत ठरवलेली असते आणि स्पर्धेच्या तपासणीत ती बघितली जाते. तुमची ॲक्शन सेकंडहँड आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

साडेचार_मिमी

सिलिंडरवरची तारीख पाहिली. मुदत संपायला वर्षभरही उरलेलं नाही. रेग्युलेटर आर्मररकडे जातोय, सिलिंडरही नवाच घेईन.

शेवटचा प्रश्न. पिशवीवरून एकच भोक, पण उभा राहून मारलं की नऊ आणि साडेनऊच. काल तर आठही आला. यात रायफलचं काही राहिलंय का?

खवट_कोच

नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा, फोटोसकट. स्टॉक बदलल्यावर बट प्लेटची (खांद्याला टेकणाऱ्या टोकाची) उंची, चीक पीस (गाल टेकायची जागा) आणि हाताची टेकण सगळंच बदललेलं असतं. आणि रेझर काढल्यामुळे आता मान पुन्हा खाली गेली असेल, चीक पीस त्याप्रमाणे उतरवलाय का?

साडेचार_मिमी

नाही उतरवलेला. काढतो धागा.